बुटाला सुतळी

जुलैतला रविवार. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी सकाळची लोकल. समोर बघावं तर पाठपिशव्या, बाजूला बघावं तर पाठपिशव्या, म्हणून खाली बघत उभा राहिलो. खाली बूट होते. केशरी, पोपटी, गुलाबी, मोरपंखी. एवढे रंग मावळात पोळ्याला दिसतात, तेही बैलांच्या शिंगांना.

बूट गप्प होते, मालक बोलत होते.

"तुझे किती ग्रॅम?"

"दोनशे ऐंशी."

"आणि ड्रॉप?"

"सहा."

ग्रॅममधलं बोलणं आमच्या घरी फक्त लग्नसराईत व्हायचं, सराफाच्या दुकानात. ड्रॉप म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला मिलिमीटरमधला फरक, हे मला पिंपरीपर्यंत समजलं. आकुर्डीला त्या दोघांतल्या एकाने कबूल केलं की हा आपला पहिलाच ट्रेक. देहूरोडला दुसऱ्यानेही केलं.

मळवली आलं. अख्खा डबा फलाटावर ओतला गेला. स्टेशनबाहेर पहिलं डबकं लागलं आणि ती सगळी रंगीत फौज डबक्याला वळसा घालून, एकमेकांचा हात धरून, कडेकडेने गेली. चिखलात चालायला म्हणून घेतलेले बूट, चिखलाने खराब व्हायला नकोत! त्याच डबक्यातून डोक्यावर काकडीची पाटी घेतलेली एक मावशी रबरी स्लिपर फटक फटक वाजवत सरळ निघून गेली. तिच्या चपलेचा ड्रॉप शून्य. शून्य ड्रॉपचे बूट हल्ली सगळ्यात भारी समजतात, म्हणे.

हसायला मी मोकळा नाही. माझ्या पायातही त्या दिवशी बूट होते. परदेशी, घोट्याच्या वर जाणारे, सहा वर्षांपूर्वी घेतलेले, दोनदा वापरलेले आणि उरलेला काळ माळ्यावर खोक्यात निवांत पडलेले. कंपनीचं नाव लिहीत नाही. किंमतही लिहीत नाही, कारण हे सदर घरी वाचलं जातं.

भाज्याहून विसापूर किल्ल्याला पायऱ्यांची जुनी वाट आहे. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी उतरतं आणि माणसं चढतात. पहिल्या पंचवीस-तीस पायऱ्या झाल्या असतील, डाव्या पायाखाली काहीतरी वेगळंच लागायला लागलं. बघतो तर बुटाने आ वासलेला. सोल चवड्यापासून सुटून टाचेशी जेमतेम लटकत होता, पावलागणिक चप्प चप्प टाळी वाजवत होता. मागून येणाऱ्या एका पोराने मोबाइल काढला. हल्ली मदतीआधी मोबाइलच निघतो.

पुढे वळणावर निळ्या प्लास्टिकखाली लिंबू सरबताचं दुकान. दुकान म्हणजे एक कळशी, पाच-सहा पेले आणि मावशी.

"आवं दादा, बुटाची जीभ खालून बाहेर आली की!"

"सोल सुटला मावशी."

"केवढ्याला घेतले हुते?"

मी निम्मी किंमत सांगितली. ती ऐकूनही मावशी खाली टेकल्या. मग उठून एका गोणीची सुतळी सोडवली, माझा पाय दगडावर ठेवायला लावला आणि भाऱ्याला मारतात तशी गाठ बुटाला मारली. वर म्हणाल्या, "गोणीची हाय, तुटायची न्हाई." तुटली नाही. त्या सुतळीवर मी विसापूर चढलो आणि उतरलो. सुतळीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. सरबताचे मात्र वीस रुपये घेतले.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण पुढच्या पावसाळ्यात तुमचंही होणार आहे. महागड्या बुटाच्या बाहेरच्या रबराच्या आणि पायाच्या मध्ये एक मऊ थर असतो. पुष्कळ बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली वाफ त्याला आतून खाते. बूट वापरात असला तर पाय पडून पडून तो थर जास्त टिकतो. खोक्यात बंद करून दमट माळ्यावर ठेवला तर चार-सहा वर्षांत त्याचा भुगा होतो. म्हणजे ज्याला आपण जपला म्हणतो, त्याला आपण मारलेला असतो. आजीच्या पैठणीलाही आपण हेच करतो, पण पैठणी निदान विसापूरच्या पायऱ्यांवर फाटत नाही.

बरं, सोल जागेवर असता तरी काय दिवे लागणार होते? मावळचा दगड शोरूमला ओळखत नाही. हा काळा बेसाल्ट, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सगळा जवळजवळ चार महिन्यांत. जूनअखेर त्या कातळावर शेवाळाचा पातळ हिरवा लेप चढतो, आणि मग तिथे कुणाचाही पाय घसरतो. चारित्र्याचा काही संबंध नाही. उन्हाळ्यात उलटं. शेवाळ वाळून जातं आणि वाटेवर मुरमाचा घसारा उरतो, ज्वारीच्या दाण्यांवर चालल्यासारखा.

या दोन शत्रूंना दोन वेगळी औषधं लागतात. चिखलात आणि घसाऱ्यात खोल दातांचा सोल हवा. दात रुततात, माणूस थांबतो. ओल्या कातळावर रुतायला काही नसतंच. तिथे लागतो मऊ, चिकट रबर आणि दगडाला जास्तीत जास्त टेकणारा तळवा. आता मऊ रबर लवकर झिजतं. म्हणून "चार वर्षं काही होत नाही सर" अशी हमी ज्या बुटाची मिळते, तो बहुधा कडक रबराचा असतो, आणि कडक रबर ओल्या बेसाल्टवर फरशीवरच्या साबणासारखं चालतं. चार वर्षं खरंच काही होत नाही. बुटाला.

सेल्समन मात्र सगळ्याला एकच उत्तर देतो: "ग्रिप एक नंबर." कुठे बघितली ग्रिप? शोरूमच्या गालिच्यावर. त्यापेक्षा दुकानाबाहेरच्या ओल्या फरशीवर दोन पावलं टाकून बघू म्हणा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

महाराष्ट्रातल्या ट्रेकरांच्या एका अख्ख्या पिढीने अ‍ॅक्शनचे स्वस्तातले ट्रेकिंग शूज घालून सह्याद्री पालथा घातला. त्याआधीच्यांनी कॅनव्हासचे हंटर घातले. दिसायला दोन्ही असे की लग्नाच्या हॉलबाहेर सोडले तर चोरही हात लावणार नाही. पण कातळावर धरायचे. अजूनही एखाद्या जुन्या गिर्यारोहकाला "काका, कुठले बूट घेऊ?" विचारा, तो आधी तुमच्या पायाकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग हळू आवाजात पंटराने घोड्याचं नाव सांगावं तसं अ‍ॅक्शनचं नाव सांगतो.

सोलाचा विषय निघालाच आहे तर इटलीची गोष्ट. १९३५ साली आल्प्समधल्या एका मोहिमेत वादळात सापडून सहा गिर्यारोहक गेले. पायात वरच्या कड्यासाठीचे पातळ जोडे, ते ना थंडीला पुरे ना बर्फाला. त्या मोहिमेतून वाचलेल्या विताले ब्रामानीने ही गोष्ट मनाला लावून घेतली आणि दोन वर्षांनी खोल नक्षीचा रबरी सोल काढला. मदतीला कोण? पिरेली, टायर बनवणारी कंपनी. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांतून व्हिब्रम झालं, आणि आज डोंगरातल्या चांगल्या बुटाखाली तो पिवळा अष्टकोनी शिक्का असला की किंमत दोन पायऱ्या वर चढते.

आमच्याकडे खेड्यापाड्यातले चांभार जुन्या ट्रकचा टायर कापून चपलेला सोल लावत आलेत. तीच टायरची जात, तीच खोल नक्षी, तोच पाय न घसरण्याचा हिशेब. इटलीत त्याला संशोधन म्हणतात. आपल्याकडे टायरची चप्पल म्हणतात आणि ती घालून आलेल्या पाहुण्याला दाराबाहेर काढायला लावतात. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा आपण सगळे केवढे खवळलो होतो. टायरच्या चपलेची पाळी येईल तेव्हाही खवळू. तोवर घालणार नाही.

पण उगाच उलट्या टोकालाही जायला नको. "मावळे काय बूट घालून चढले होते का?" हे वाक्य मी आजवर अनेकदा ऐकलं आहे, आणि दर वेळी ते बोलणारा माणूस सोफ्यावर बसलेला होता. सरबतवाल्या मावशींना मी हेच कौतुक ऐकवायला गेलो. म्हटलं, तुम्ही बघा, स्लिपरवर रोज वर-खाली करता, आणि आम्ही हे असले. मावशींनी हात पुढे केला. मनगटाजवळ हाड वाकडं जुळलेलं. "मागल्या साली हितंच पडले. स्लिपरच घातली हुती." मग माझ्या उजव्या, अजून शाबूत असलेल्या बुटाकडे बघून म्हणाल्या, "स्वस्तातला असला तर मला बी आणा की एक जोड. सहा नंबर."

कौतुक गिळलं.

जलरोधक बुटांचं एक वेगळंच प्रकरण आहे. थंड देशांत बर्फात, दवात चालायला ती पातळ झिल्ली चांगली. पाणी बाहेरून आत येत नाही. पण मावळात पाणी बाहेरून येतच नाही, वरून येतं. घोट्यावरून, पॅन्टवरून, थेट बुटाच्या तोंडात. आणि एकदा आत गेलं की त्याच झिल्लीमुळे बाहेर पडत नाही. मग माणूस प्रत्येक पायात एकेक तांब्या घेऊन फिरतो. आमच्या डोंगराला जाळीचा बूट बरा: भिजतो, निथळतो, पुन्हा भिजतो. आत सुती मोजा मात्र नको. सुती मोजा पाणी धरून ठेवतो, ओली कातडी घासते, आणि संध्याकाळपर्यंत टाचेला बटाट्याएवढा फोड. मोजे कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे. जुलैत लोकर म्हटल्यावर हसू येतं, पण ओली लोकर सुतापेक्षा कमी चावते.

बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय जरा सुजतो तेव्हा. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून घ्या. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा, नाहीतर उताराला प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आपटतो आणि घरी येईपर्यंत नख काळं. हे काळं नख काही धावपटू पदकासारखं दाखवत फिरतात. ते पदक नाही, बूट एक नंबर लहान आहे. उतरायच्या आधी लेस घोट्याशी करकचून बांधा, चढताना सैल करा. नवा बूट आधी भाजी आणायला घाला, बागेत घाला, सासुरवाडीला घाला. नवा बूट थेट विसापूरला नेणं म्हणजे लग्नाच्या पहिल्याच दिवशी भांडण काढणं. आणि घरी आल्यावर ओले बूट गॅसच्या शेगडीपाशी किंवा कडक उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. आत रद्दी पेपर कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. हे सदर त्या कामाला उत्तम आहे, आकारही बरोबर बसतो. त्याहून मोठा दावा मी कधी केलेला नाही.

डोंगरात चालणं कमी पडलं म्हणून आता धावणं आलं आहे. सिंहगड-राजगड-तोरणा अशी किल्ल्यांवरून जाणारी एसआरटी अल्ट्रा हे त्यातलं मोठं नाव. आमच्या भागात लोणावळ्याहून राजमाचीला तुंगार्लीवरून जाणारा कच्चा रस्ता आहे, एका बाजूने पंधरा किलोमीटरच्या आसपास. पहाटे तिथे मंडळी धावत असतात. त्यांना रस्त्यावर धावायचे बूट चालत नाहीत. ट्रेलचे हवेत, दाते चार-पाच मिलिमीटरचे, तळव्यात दगड टोचू नये म्हणून पातळ पत्र्यासारखा थर, आणि पुढचं टोक ठेच सोसणारं. इथे मात्र खर्चाला कारण आहे. धावताना डोळा पुढच्या चार पावलांवर असतो, पायाखालचं बुटालाच बघावं लागतं.

या रस्त्यावर एकदा मीही धावलो. म्हणजे इतरांच्या भाषेत चाललो. मागून राजमाचीचा एक गाववाला मोटारसायकलवर आला. शेजारी गाडी हळू केली.

"बसा, गावात सोडतो."

"नको दादा, धावतोय."

"आवं बसा की, पैसं न्हाई घेत."

"नको, मुद्दाम धावतोय."

तो पुढे गेला. पुढच्या वळणावर थांबून पुन्हा विचारलं. तिसऱ्या वळणावरही. शेवटी त्याने पेट्रोलची टाकी हलवून दाखवली: भरलेली आहे, तुमच्यामुळे काही कमी होणार नाही. मी नाहीच म्हटल्यावर तो खरोखर दुखावला. त्याच्या गावात आजारी माणसाला लोणावळ्याला न्यायचं तर याच रस्त्याचं संकट उभं राहतं, आणि एक धडधाकट माणूस तोच रस्ता हौसेने पायी काढतोय. वरून म्हणतोय, मुद्दाम.

सगळं सामान बरोबर आणि वाट चुकीची, याचा मावळातला मोठा दाखला फेब्रुवारी १६६१ चा. मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याकडून कुरवंडे घाट उतरून कोकणात निघाला. घोडे, हत्यारं, खजिना, सोबत सरदार रायबागन. सरंजामात काही उणं नव्हतं. खाली उंबरखिंडीत वाट अरुंद, दोन्ही बाजूंना रान, आणि रानात शिवाजी महाराजांचे मावळे. सामान तिथेच टाकून जीव तेवढा घेऊन खानाला परतावं लागलं. आजही त्याच घाटमाथ्यावर, नागफणीच्या आसपास, उत्तम बूट घातलेली माणसं वाट चुकतात. फरक एवढाच की आता खाली मावळे वाट अडवून नसतात; वर लोणावळ्याहून 'शिवदुर्ग मित्र' या बचाव पथकाची पोरं दोर घेऊन, आपला रविवार सोडून, शोधायला येतात. त्यांच्या पायांतले बूट एकदा बघा. रंग सांगता येत नाही, इतके मळलेले असतात.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. २०२४ च्या ३० जूनला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी पाच मिनिटांत वाढलं की गुडघाभर ओढ्यातही कुठलाच सोल धरत नाही. वर ढग काळवंडले, पाण्याचा रंग तांबडा झाला, गावातला माणूस "जाऊ नका" म्हणाला, तर पायातला महाग बूट तुम्हाला वाचवणार नाही. तो फक्त सापडायला सोपा जातो.

आणि गर्दीत तर बूट बिचारा काय करणार? २०२३ च्या पावसाळ्यात एका रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर एवढी माणसं झाली की तासन्‌तास कुणालाच ना वर जाता येईना ना खाली येता येईना. गणेश दरवाजाच्या आत लोकलचा डबा! २०२५ च्या जुलैत लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, महाराष्ट्रातल्या दहा किल्ल्यांबरोबर आणि तमिळनाडूतल्या जिंजीबरोबर. आनंद आहे. आता गर्दी आणखी वाढेल, आणि तिच्याबरोबर दोनशे ऐंशी ग्रॅमही. जमत असेल तर बुधवारी या. बूट तेच चालतील.

असो. मावशींचा सहा नंबर राहिला होता. त्याच आठवड्यात साधे, काळे, मऊ रबराचे, स्वस्तातले ट्रेकिंगचे बूट घेतले. दुकानाबाहेरच्या ओल्या फरशीवर स्वतः घासून बघितले; माझ्या पायात निम्मेच गेले, तरी धरत होते. रविवारी नेऊन दिले. मावशींनी उलटे करून सोल बघितला, बोटाने दाबला, वास घेतला, "चांगले हायेत" म्हणाल्या आणि गोणीत ठेवले.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. पाऊस धो धो. पायऱ्यांवरून पाणी. मावशी रबरी स्लिपरमध्ये.

"मावशी, बूट?"

"घरी हायेत. खोक्यात. एवढे नवे, चिखलात कुठं घालायचे? पोरीच्या लग्नाला घालीन."

सरबत घेतलं. वीस रुपये.